किडलेली दाढ: रूट कॅनल करून राखावी, की काढून इम्प्लांट बसवावं?

पाणवठा:
दाढ खोलवर किडली की हल्ली "काढून टाका, इम्प्लांट बसवू" हा सल्ला फार सहज मिळतो. मला तो पटत नाही. आपल्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा थर असतो. घासात खडा आला की जबडा आपोआप थबकतो, तो बराचसा या थरामुळे. इम्प्लांट म्हणजे कृत्रिम दात; त्याचा टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडात घट्ट होतो. मध्ये हा थर नसतोच. रूट कॅनलमध्ये दाताच्या आतली नस काढतात, बाहेरचा थर शाबूत राहतो. मग थोडीशी जरी आशा असली, तरी दात का काढायचा?

ध्रुवतारा:
"थोडीशी आशा" याच शब्दांना माझा विरोध आहे. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी भक्कम दात उरला नसेल, तर दातावर बसवायच्या कॅपला पकड मिळत नाही. मूळ उभं तडकलं असेल तर बहुतेकदा दात काढावाच लागतो. अशा वेळी लोक आधी रूट कॅनल करतात, ते बिघडलं की पुन्हा करतात आणि शेवटी दात काढतातच. तोवर मुळाशी साठलेल्या पूने हाड खाल्लेलं असतं आणि इम्प्लांट बसवायला जागा उरत नाही. इम्प्लांट काही कालपरवाचा प्रयोगही नाही. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला ते बसवलं.

मोरपंखी:
रूट कॅनल केलेला दात शरीरात विष सोडतो, असं वाचलं. खरं आहे का? मी त्याच भीतीने थांबले आहे.

पाणवठा:
कृपया या भीतीने थांबू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्याने काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून तसा निष्कर्ष काढला होता. पुढे नीट काळजी घेऊन केलेल्या प्रयोगांत तो टिकला नाही. पण त्या काळात असंख्य लोकांचे दात विनाकारण काढले गेले, याचा मला आजही राग येतो. विष म्हणायचंच तर उपचार न करता ठेवलेला पू जास्त घातक.

ध्रुवतारा, तडकलेल्या मुळाचं मान्य. पण इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणून ते निर्धोक ठरत नाही. त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, हाड झिजतं, आणि दुखत नसल्यामुळे पुष्कळदा उशिरा कळतं. धूम्रपान करणाऱ्यांना आणि साखर आटोक्यात नसलेल्यांना हा धोका जास्त.

साधीसुधी:
या दोन टोकांच्या आधीची पायरी कोणीच बोलत नाही! गार पाण्याची कळ काही क्षणांत जात असेल, तर नस वाचण्यासारखी असू शकते. कीड काढून, औषध लावून फिलिंग केलं तर बऱ्याचदा भागतं. कळ रेंगाळते, गरम लागलं की ठणका बसतो, रात्री झोपमोड होते, तेव्हा मात्र रूट कॅनलची वेळ आलेली असते. आणि ठणका आपोआप थांबला म्हणजे बरं झालं असं समजू नका. नस मेलेली असू शकते. म्हणून नसेची तपासणी आणि एक्स-रे झाल्याशिवाय कोणत्याच बाजूला होकार देऊ नये.

ध्रुवतारा:
हे पटलं. तरी पाणवठा यांना एक सांगतो: दात राखायचा म्हणता, तर कॅपचंही तितक्याच आग्रहाने सांगा. कीड आणि उपचार यांत दाढेचा बराच भाग गेलेला असतो. दुखणं थांबलं की लोक पुन्हा फिरकत नाहीत, तात्पुरतं फिलिंग झिजतं, आत पुन्हा जंतू शिरतात, नाहीतर चावताना दाढ दुभंगते. मग तुम्ही राखलेली तीच दाढ काढावी लागते.

पाणवठा:
सांगते, आणि ठामपणे सांगते: रूट कॅनल केलेल्या दाढेला बहुतेक वेळा कॅप लागतेच. ती बसवायची तयारी नसेल, तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगा. पण त्यासाठी धडधाकट मुळाची दाढ काढायला मी कधीच हो म्हणणार नाही.