शब्दचर्चा : ‘इनेट इम्युनिटी’ जन्मजात की उपजत?

प्रश्न : डासांमार्फत पसरणारे विषाणू अंगात शिरल्यावर पहिल्या काही तासांत काय घडतं, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. पहिल्याच ओळीत अडले. ‘इनेट इम्युनिटी’साठी कोणी ‘जन्मजात प्रतिकारशक्ती’ लिहितं, कोणी ‘नैसर्गिक’, कोणी ‘अंगभूत’. नेमका शब्द कोणता? आणि विषाणू या यंत्रणेला जे ‘इव्हेड’ करतात, त्याला काय म्हणावं? ‘टाळतात’ फारच मिळमिळीत वाटतं.

प्रतिसाद : ‘सहज’ घ्या. सह + ज, म्हणजे सोबत जन्मलेलं. गीतेतलं ‘सहजं कर्म’ याच अर्थाचं आहे.

प्रतिसाद : ‘सहज’ व्युत्पत्तीनं अचूक आहे, पण आज ‘सहज प्रतिकार’ वाचणाऱ्याला ‘विनासायास केलेला प्रतिकार’ असंच कळणार. ‘नैसर्गिक’ही नको. लशीऐवजी आजार होऊन गेल्यामुळे जे संरक्षण मिळतं त्यालाही लोक नैसर्गिकच म्हणतात, आणि ते तर नंतर कमावलेलं असतं.

‘जन्मजात’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. या शब्दापाठोपाठ कान दोषाची वाट पाहतो : जन्मजात व्यंग, जन्मजात हृदयविकार. वैद्यकात तो ‘कंजेनिटल’साठी रुळलेला आहे. तुमच्या लेखात झिका येणार असेल, तर गर्भातच लागण झालेल्या बाळांच्या ‘जन्मजात झिका’चा उल्लेख करावा लागेल. मग त्याच पानावर ‘जन्मजात प्रतिकारशक्ती’ आली की गोंधळ ठरलेला.

‘उपजत’ घ्या. उपजत बुद्धी, उपजत शहाणपण. शिकवल्याशिवायच येणारी गोष्ट. या यंत्रणेचं मर्म हेच आहे. प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करणाऱ्या पेशींना शत्रूची ओळख व्हावी लागते, त्यात दिवस जातात. पण पेशीच्या आत आरआयजी-आय आणि एमडीए५ ही प्रथिनं पहाऱ्यावरच असतात. विषाणूच्या प्रती निघताना बनणारा दुपदरी आरएनए (जनुकीय रेणू) दिसला की ती हाकाटी करतात, मग तो डेंगीचा असो की आणखी कोणाचा. गंमत म्हणजे डासाकडे फक्त हीच उपजत बाजू असते, प्रतिपिंडं नसतातच. तेवढ्यावर तो विषाणूला आवरून धरतो, पण घालवू शकत नाही. एकदा लागण झालेली एडिस डासाची मादी मरेपर्यंत विषाणू वाहत राहते.

प्रश्नकर्ती : ‘उपजत’ पटलं. ‘इंटरफेरॉन’ला काही मराठी शब्द?

प्रतिसाद : तो तसाच राहू द्या, फक्त एकदा उलगडून सांगा. १९५७ साली लंडनमध्ये अलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाचे तुकडे घेतले आणि त्यांवर उष्णतेनं निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू सोडला. मग त्या तुकड्यांभोवतीच्या द्रवात ताजे तुकडे ठेवून जिवंत विषाणू सोडला, तर तो नीट वाढेना. द्रवात काहीतरी होतं, जे विषाणूच्या वाढीत ‘इंटरफिअर’ करत होतं. ‘हस्तक्षेप’ हा कचेरीतला शब्द झाला. इथे ‘आडकाठी’ चपखल बसतो. लागण झालेली पेशी इंटरफेरॉन सोडते, ते शेजारणींना पोचतं आणि त्या आपल्या आत शेकडो जनुकं जागी करून विषाणूला आडकाठी घालतात.

प्रश्नकर्ती : आणि ‘इव्हेड’?

प्रतिसाद : इथे एका शब्दावर भागवू नका, मराठीची श्रीमंती वापरा. डेंगीचा विषाणू निदान तीन निरनिराळ्या गोष्टी करतो, आणि तिन्हींना आपल्याकडे वेगळी क्रियापदं आहेत. आपल्या प्रती काढताना तो पेशीतल्या पटलांच्या घड्यांत शिरतो, म्हणजे दुपदरी आरएनए पहारेकऱ्यांच्या नजरेला पडत नाही. हे ‘दडी मारणं’. आपल्या आरएनएच्या टोकाला तो पेशीच्या स्वतःच्या आरएनएसारखीच रासायनिक टोपी चढवतो. हे ‘सोंग घेणं’. आणि इंटरफेरॉनचा निरोप पुढे नेणाऱ्या स्टॅट२ या प्रथिनाला पकडून तो ते नष्ट करवतो. हे सरळसरळ ‘तार तोडणं’. टोपीचं सोंग पुरं करणारं आणि तार तोडणारं प्रथिन एकच आहे, एनएस५. सगळी मिळून १० प्रथिनं असलेल्या विषाणूला एकाच प्रथिनाकडून अनेक कामं करून घ्यावीच लागतात. उंदराच्या स्टॅट२वर त्याचं काही चालत नाही, म्हणून डेंगीच्या बऱ्याच प्रयोगांत इंटरफेरॉनची दखलच न घेऊ शकणारे उंदीर वापरावे लागतात.

प्रतिसाद : डेंगीच्या बाबतीत ‘कुंपणानंच शेत खाल्लं’ ही म्हण चालेल का? ज्या भक्षक पेशींनी विषाणू गिळून संपवायचा, त्यांच्यातच तो वाढतो.

प्रतिसाद : म्हण जवळ जाते, पण कुंपण शेत खातं त्यात कुंपणाची लबाडी असते. इथे पेशी बेइमान होत नाही. ‘रखवालदाराच्याच घरात चोरानं बिऱ्हाड केलं’ म्हणा. डेंगीच्या चार प्रकारांपैकी एकाविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्याच आधारानं तो भक्षक पेशीत सुलभपणे शिरतो. म्हणजे दरवाजा उघडून देणारा पूर्वीचाच चौकीदार.

आता माझी खरी तक्रार ‘शक्ती’बद्दल. शक्ती म्हटलं की जितकी जास्त तितकी बरी, असा अर्थ आपोआप येतो. डेंगीत तसं नाही. धोक्याचा काळ बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवशी येतो. ताप उतरू लागलेला असतो, रक्तातले विषाणूही घटत असतात, आणि नेमका तेव्हा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. त्यात विषाणूच्या एनएस१ या प्रथिनाचा हात असतो, तसाच शरीराच्या स्वतःच्या भडकलेल्या प्रतिसादाचाही. ताप गेला म्हणून निर्धास्त झालेल्या घरात हे कळायला हवं, आणि ‘शक्ती’ हा शब्द ते कळू देत नाही.

प्रतिसाद : पण ‘रोगप्रतिकारशक्ती’ घराघरांत पोचलेला शब्द आहे. तो काढला तर वाचक बिथरेल.

प्रतिसाद : काढू नका. एकंदर विषयाबद्दल बोलताना तो असू द्या. आत नेमकं काय चालतं हे सांगताना मात्र ‘उपजत संरक्षणयंत्रणा’ लिहा. यंत्रणा चालते, अडते, भडकते. तिला आवरावंही लागतं. शक्ती आवरा असं कोणी म्हणत नाही.

प्रश्नकर्ती : खूप मदत झाली. पहिली ओळ आता अशी आहे : ‘लागण झालेली मादी चावली की कातडीतली उपजत संरक्षणयंत्रणा जागी होते, पण डेंगीचा विषाणू रखवालदारांच्याच घरात बिऱ्हाड करतो आणि पेशीपेशींमधली तार तोडतो.’

प्रतिसाद : एकच दुरुस्ती. तार पेशीपेशींमधली नाही, पेशीच्या आतली आहे. इंटरफेरॉन शेजारून येतं, दारापर्यंत पोचतंही. पण आधीच आत शिरलेला विषाणू निरोप पुढे जाऊ देत नाही. ‘आलेला निरोप दारातच अडवतो’ असं करा.