मदत हवी आहे: ॲपल व्हिजन प्रो घ्यावा का?

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो आणि घरून करण्याच्या आरेखनाच्या कामासाठी ॲपल व्हिजन प्रो हे डोळ्यांवर घालायचे, समोर आभासी पडदा दाखवणारे उपकरण घेण्याचा गांभीर्याने विचार करत आहे. ३,४९९ डॉलर ही रक्कम मोठी आहेच, परंतु माझी खरी चिंता वजनाची आहे: ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या एम५ चिपच्या आवृत्तीचे वजन ७५० ते ८०० ग्रॅम असून, तोल साधण्यासाठी तिच्या पट्ट्यात टंगस्टन घातले आहे, तेव्हा मानेचे जुने दुखणे असलेल्या माणसाला मॅकचा पडदा समोर मोठा करून सलग दोन-तीन तास काम करणे झेपते का? मला चष्मा असल्यामुळे उपकरणात बसवायच्या झाइस कंपनीच्या भिंगांचा खर्च वेगळाच. दुकानातील अर्ध्या तासाच्या प्रात्यक्षिकावरून याचा अंदाज येणे कठीण आहे, म्हणून ज्यांनी हे उपकरण काही महिने रोज वापरले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर सांगावा.