मदत हवी आहे: सॅमनच्या कानातले खडे काचेसारखे निघतायत

नमस्कार मंडळी, मी नॉर्वेत बर्गनला मास्टर्स करतेय. आपल्याकडे ढोमा साफ करताना डोक्यात जे पांढरे खडे सापडतात ना, तेच ओटोलिथ मी फार्ममधल्या सॅमनचे काढतेय. मोठा खडा अ‍ॅरागोनाइटचा असायला हवा, दुधाळ आणि वाढीच्या रिंगा (झाडाच्या खोडात असतात तशा) स्पष्ट, पण माझ्याकडे बरेच खडे पारदर्शक आणि खडबडीत निघाले, म्हणजे व्हॅटेराइट. रसायन तेच, कॅल्शियम कार्बोनेट, फक्त स्फटिकाची रचना वेगळी आणि घनता कमी. फार्मच्या माशांत हे जंगली माशांपेक्षा खूप जास्त सापडतं, भराभर वाढ हे कारण मानतात, आणि अशा माशांना ऐकू कमी येतं हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आता अडचण अशी की व्हॅटेराइटमध्ये रिंगा मोजता येत नाहीत आणि स्ट्रॉन्शियमही (ज्यावरून मासा गोड्या की खाऱ्या पाण्यात होता ते कळतं) कमी असतं, त्यामुळे माशाचा प्रवास शोधायचा डेटा बिघडतो. काही माशांत एकच बाजू खराब आहे, मग दुसऱ्या बाजूचा खडा वापरला तर चालेल का? आणि रामनमध्ये (लेसरच्या प्रकाशाने स्फटिक ओळखायची चाचणी) 1085 cm⁻¹ च्या आसपास दोन शिखरं दिसली तर अर्धवट व्हॅटेराइट धरायचं का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात सॅम्पल कापायचेत.