दुसऱ्या लेकीचं नाव 'विनोना'? आधी हे वाचा

मिनेसोटाकर: काल इथे एकाने लिहिलं, "धाकटीचं नाव विनोना ठेवतोय, अर्थ सू (अमेरिकेतली मूळनिवासी जमात) राजकन्या." वाचून डोकंच फिरलं. हे नाव डाकोटांचं, म्हणजे सू लोकांच्याच एका गटाचं. त्यांच्यात पहिलं अपत्य मुलगी असेल तर विनोना, मुलगा असेल तर चास्के. दुसरं असेल तर मुलगी हापन, मुलगा हेपन. घरात थोरली असताना धाकटीला थोरली म्हणणार? ती राजकन्या पेपिन सरोवरावरच्या कड्यावरून उडी टाकणाऱ्या मुलीच्या दंतकथेतली. गोऱ्या प्रवाशांनी ती रंगवून रंगवून सांगितली आणि तोच नावाचा अर्थ होऊन बसला.

बाबा_दोघींचा: अर्थ चुकला, मान्य. पण नटी विनोना रायडरचं नाव मिनेसोटातल्या विनोना गावावरून ठेवलं, तिच्या आईबापांना कुणी जाब विचारला? कार्यकर्ती विनोना लाड्यूक तर ओजिब्वे, म्हणजे दुसऱ्याच मूळनिवासी जमातीची, तरी नाव डाकोटाच!

सासवडची: आणि इथल्या अमेरिकन शाळेत माझ्या ज्ञानदाची 'ग्याना' केली, त्याचं काय? आपली नावं मोडतात तेव्हा सगळे गप्प. वर्षभर बाईंना लिहून देतेय, फरक शून्य.

मिनेसोटाकर: ताई, तुम्हाला ते लागलं ना? मग त्यांना किती लागत असेल! डाकोटा आणि अमेरिकन सरकार यांच्या युद्धानंतर, २६ डिसेंबर १८६२ ला, मिनेसोटातल्या मॅन्केटोत ३८ डाकोटांना एकाच वेळी फाशी दिली. त्यात एक चास्का (चास्केच तो) होता. अध्यक्ष लिंकनने मंजूर केलेल्या फाशीच्या यादीत तो नव्हताच. युद्धात त्याने आपल्याला आणि आपल्या मुलांना वाचवलं, अशी साक्ष सारा वेकफील्ड या डाकोटांच्या कैदेत राहिलेल्या गोऱ्या बाईने दिली होती. तरी चास्केडॉन नावाच्या दुसऱ्याच्या जागी त्याला चढवलं. घरोघरी थोरला चास्केच, आणि नोंद ठेवणाऱ्यांना माणसं वेगळी ओळखता येईनात.

बाबा_दोघींचा: बारशाच्या गोष्टीत फाशी कशाला आणता? माझी बायको आठव्या महिन्यात आहे, ती हे सगळं वाचतेय!

जुना_वाचक: आवाज दोघांनीही कमी करा. पण ही नावं म्हणजे कायमचा शिक्का नव्हे. डाकोटा लेखक चार्ल्स ईस्टमन जन्मला तेव्हा 'हाकाडा', बिचारा शेवटचा. पुढे लॅक्रॉस या चेंडूच्या खेळाचा सामना जिंकल्यावर 'ओहियेसा', म्हणजे विजेता. तोच पुढे डॉक्टर झाला आणि १८९० मध्ये वुंडेड नी इथे अमेरिकन सैन्याने केलेल्या सू लोकांच्या हत्याकांडातल्या जखमींवर त्याने उपचार केले.

मिनेसोटाकर: बरोबर, पण ते नाव त्याच्या माणसांनी त्याला दिलं. आपण नावांच्या यादीतून उचलतोय.

बाबा_दोघींचा: बरं, विनोना नाही ठेवत. पण हे तुमच्या ओरडण्यामुळे नाही. थोरलीने विचारलं, "मग मी कोण?"