जिप्सीच्या १.३ इंजिनवर स्पीडुइनो: कॅम सेन्सरचा सिग्नल जुळत नाही

जिप्सी_एमएच
मारुती जिप्सी किंग, १.३ लिटर. कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवलंय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पीडुइनो, म्हणजे स्वतः जुळवायचा ओपन-सोर्स ईसीयू. क्रँक पुलीवर ६०-२ चं चाक (६० दातांच्या जागा, त्यातले दोन दात नाहीत, तीच गॅप), त्यावर दोन वायरचा व्हीआर (चुंबक-कॉइलचा) सेन्सर आणि मध्ये त्याचा सिग्नल ईसीयूला समजेल असा करणारं मॅक्स९९२६ चं बोर्ड. कॅमसाठी जुन्या डिस्ट्रिब्युटरची बॉडी ठेवली आहे. आत अर्धचंद्राची चकती आणि तीन वायरचा हॉल सेन्सर, सप्लाय १२ व्होल्ट.

स्टार्टर मारला की आरपीएम दिसतो, पण लॉगरमध्ये कॅमची रेष सपाट. सिग्नल वायरवर मीटर ०.१ व्होल्टच्या वर जात नाही. दुसरा सेन्सर लावला तरी तेच. मला फुल सिक्वेन्शियल इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळेला इंधन) आणि प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल चालवायची आहे. कुठून तपासू?

वायरिंगवाला
सेन्सर बहुधा ठीकच आहे. तीन वायरचे बरेच हॉल सेन्सर स्वतः व्होल्टेज देत नाहीत, सिग्नल वायर फक्त ग्राउंडला ओढतात. वर खेचायचं काम पुल-अप रेझिस्टरचं. कंपनीच्या ईसीयूमध्ये तो आतच असतो, स्पीडुइनोच्या बोर्डवर जंपर लावून चालू करावा लागतो.

सेन्सरचं कनेक्टर काढा, इग्निशन ऑन करा आणि ईसीयूकडून येणाऱ्या सिग्नल वायरवर मोजा. ५ व्होल्ट आले तर पुल-अप आहे. शून्य आले तर जंपर लावा, किंवा सिग्नल आणि ५ व्होल्ट यांच्यात १ किलो-ओहमचा रेझिस्टर टाका. सेन्सरचा सप्लाय १२ व्होल्ट असला तरी पुल-अप ५ लाच द्यायचा, नाहीतर ईसीयूचा इनपुट जाईल. १ किलो-ओहमला ५ मिलिअँपिअर करंट जातो, सेन्सरला तो जड नाही. १० किलोच्या वर गेलात तर सिग्नल चढायला वेळ लागतो आणि कॉइलचा नॉइज आत शिरतो.

मग कनेक्टर परत लावा, चारही प्लग काढा आणि पुलीच्या बोल्टला पाना घालून इंजिन हाताने सावकाश फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत मीटरने एकदा ५ व्होल्ट आणि एकदा जवळपास शून्य दाखवायला हवं. खालची पातळी पाऊण-एक व्होल्टवर अडकली तर ग्राउंड कच्चं आहे. सेन्सरचं ग्राउंड इंजिन ब्लॉकवर देऊ नका, ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच न्या. स्टार्टर फिरताना ब्लॉकच्या वाटेने एवढा करंट जातो की ब्लॉक आणि ईसीयू यांच्या ग्राउंडमध्येच फरक पडतो.

जिप्सी_एमएच
जंपर लावला, ५ आणि ०.२ व्होल्ट मिळतात. आता नवीन त्रास. कधी इंजिन एका सेल्फमध्ये गोड चालू होतं, कधी इनटेकमधून फटाका वाजतो आणि पेटतच नाही. सेटिंग सिंगल टूथ कॅम, रायझिंग एज (सिग्नल वर चढतानाची कड). फॉलिंग करून पाहिलं, फरक नाही. लॉगमध्ये कॅमची एज क्रँकच्या गॅपला जवळजवळ चिकटून दिसते.

टूथलॉग
शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. क्रँकचा एक दात म्हणजे क्रँकचे ६ अंश, कॅमचे फक्त ३. बेल्टचा ताण आणि डिस्ट्रिब्युटरच्या जोडातली ढिलाई एवढ्यानेही एज कधी गॅपच्या आधी येते, कधी नंतर. गॅपनंतरचा पहिला दात मोजताना ईसीयूला एकदा वाटतं ही पहिली फेरी, एकदा वाटतं दुसरी. दुसऱ्या वेळी स्पार्क ३६० अंश उलटा पडतो. त्या क्षणी इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो, म्हणून फटाका.

रायझिंग-फॉलिंगने फरक पडला नाही, कारण तुमची चकती अर्धी आहे. दोन कडांमध्ये कॅमचे १८० अंश, म्हणजे क्रँकची बरोबर एक फेरी. एक कड गॅपजवळ असली की दुसरीही गॅपजवळच असणार.

उपाय: क्लँप बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटरची बॉडी फिरवा. बॉडीचा १ अंश म्हणजे क्रँकचे २. एज गॅपपासून किमान ९० अंश क्रँक लांब हवी, १८० मिळाले तर उत्तम. त्यासाठी बॉडी ४५ ते ९० अंश फिरवावी लागेल. क्लँपची खाच तेवढी लांब नसते, म्हणून चकतीच शाफ्टवर फिरवून पक्की करा. मग सेकंडरी ट्रिगर (कॅमचा सिग्नल) ‘पोल लेव्हल’ ठेवा. त्यात ईसीयू पहिल्या दाताला फक्त सिग्नल वर आहे की खाली एवढंच बघतो. अर्धचंद्राला हाच मोड शोभतो, एजवर आलेल्या नॉइजने तो फसत नाही.

आता वर म्हणजे कुठली फेरी, हे ठरवा. टॅपेट कव्हर उघडा आणि टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असतानाची) खूण जुळवा. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे दिसले की पहिला कॉम्प्रेशनवर आहे. तिथपासून क्रँक गॅपपर्यंत मागे न्या, तेव्हा सिग्नल जसा असेल तशी लेव्हल सेटिंगमध्ये द्या.

जुना_ट्यूनर
वरचं सगळं बरोबर, पण क्रम बदला. कॅम तूर्त बाजूला ठेवा, वेस्टेड स्पार्क (दोन सिलिंडरना एकाच वेळी स्पार्क) आणि सेमी-सिक्वेन्शियलवर (इंजेक्टर जोडीने) इंजिन चालू करा. त्याला नुसता क्रँक पुरतो. आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, स्पार्क १० अंशांवर लॉक करा, सेल्फवर टायमिंग लाइट धरा आणि खूण जुळेपर्यंत ट्रिगर अँगल (पहिल्या दाताची टीडीसीपासूनची जागा) बदला. मग इंजिन चालू करून ३००० आरपीएमला परत बघा.

खूण सरकत गेली, किंवा आरपीएम वाढला की सिंक (ईसीयूचा क्रँकच्या जागेचा हिशेब) तुटतो, तर व्हीआर सेन्सरच्या दोन वायर उलट्या लागल्या आहेत. उलट्या वायरींवरही आरपीएम दिसतो, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. दोन्ही वायर अदलाबदल करा आणि टायमिंग पुन्हा जुळवा, कारण मधे तीनेक अंशांचा फरक पडतो. शील्डची जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला ग्राउंड करा. चाक आणि सेन्सरमधलं अंतर ०.५ ते १ मिलिमीटर, फीलर गेज घालूनच बघा, आणि चाक पूर्ण फेरीत लटपटत नाही ना तेही.

गॅप कुठे आहे तेही एकदा मोजा. चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांना एक कॉम्प्रेशन येतं आणि सेल्फवर तिथे क्रँक मंदावतो. गॅपला एका दाताच्या तिप्पट वेळ लागतो म्हणूनच ईसीयूला ती ओळखू येते. गॅप नेमकी टीडीसीजवळ सेन्सरसमोर येत असेल, तर थंड इंजिनवर ही ओळख चुकते. पहिला टीडीसी येण्याच्या साधारण ९० अंश आधी ती असू द्या.

कंपनीचा ईसीयू असलेल्या गाड्यांत बेल्ट बदलल्यावर पी००१६ (क्रँक आणि कॅम जुळत नाहीत) हा कोड येतो, त्यालाही हाच हिशेब लागतो. क्रँकच्या पुलीला २० दात आणि कॅमच्या पुलीला ४० असतील, तर बेल्ट एक दात चुकला की क्रँकवर १८ अंशांचा फरक. तिथे सेन्सर कितीही बदला, कोड परत येतो. आधी बेल्टच्या खुणा बघा.