हेडीसटाउनचा ग्रुप शो: मूळ संच नाही, तरी जायचं का?

प्रेषक: नाट्यविभाग, कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाची या वर्षीची नाट्यसहल ठरली. नाटक ‘हेडीसटाउन’, म्हणजे ग्रीक पुराणातल्या ऑर्फियस आणि युरिडिसी या प्रेमिकांच्या गोष्टीवरचं ब्रॉडवेचं म्युझिकल (संगीत नाटक). वॉल्टर कर थिएटर, मॅनहॅटनमधला ४८वा रस्ता, शनिवार दुपारचा प्रयोग. ग्रुप बुकिंगसाठी निदान दहा जण लागतील. ब्रॉडवेच्या मानाने हे थिएटर लहान आहे, साडेनऊशेच्या आसपास खुर्च्या. सगळ्यांना जवळजवळ बसायचं असेल तर येत्या रविवारपर्यंत नावं कळवा. ट्रेन की गाड्या, ते आकडा कळल्यावर ठरवू.

—

प्रेषक: सभासद, एडिसन

नमस्कार,

सहलीला माझा विरोध मुळीच नाही, पण मनात आलेलं विचारतो. ब्रॉडवेच्या नाटकांना मिळणाऱ्या टोनी पुरस्कारांचा २०१९चा सोहळा मी टीव्हीवर पाहिला होता. ‘हेडीसटाउन’मध्ये गोष्ट सांगणाऱ्या हर्मीस या देवाची भूमिका करणारे आंद्रे डी शील्ड्स तेव्हा ७३ वर्षांचे होते. १९७५ साली ‘द विझ’ या म्युझिकलमध्ये विझ म्हणून गाजलेला हा माणूस, आणि पहिलं टोनी मिळालं ते इतक्या वर्षांनी! भाषणात त्यांनी सांगितलं होतं की, जिथे पोचायचंय तिथे सगळ्यात लवकर नेणारी वाट म्हणजे सावकाश चालणं. ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही. पाताळाचा राजा हेडीस झालेल्या पॅट्रिक पेज यांचा खर्ज तर पोटात उतरतो. यांच्यातलं आता तिथे कुणीच नाही.

आमची पिढी नाटकाला जायची ती नटासाठी. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब ज्यांनी पाहिला, त्यांना विचारा. एवढा खर्च करून आपण नक्की कुणाला बघायला निघालोय?

—

प्रेषक: सभासद, प्लेन्सबरो

काका, नमस्कार.

तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे नाटक माझ्या फार जवळचं आहे.

पुण्या-मुंबईत तिसऱ्या घंटेच्या आसपास ध्वनिक्षेपकावरून नावं वाचतात: लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, वेशभूषा. आपण तेव्हा खुर्ची शोधत असतो. ‘हेडीसटाउन’ची ही यादी एकदा शांतपणे वाचली, तर नट बदलल्यावर मागे काय उरतं ते कळतं.

संगीत, गीतं आणि संहिता, तिन्ही एकट्या अनेईस मिचेल यांची. त्या मुळात लोकसंगीताच्या गायिका. २००६ साली व्हरमाँटमध्ये मित्रमंडळी जमवून त्यांनी याचा पहिला अवतार उभा केला. पुढच्या वर्षी शाळेची एक जुनी बस घेऊन गावोगाव प्रयोग केले. आपल्या मंडळाच्या नाटकापेक्षा तो पसारा फार मोठा नव्हता. तेव्हापासून वाद्यरचना करत होते मायकेल चोर्नी. २०१९ साली वाद्यवृंद-रचनेचं टोनी टॉड सिकाफूस यांच्यासोबत मिळालं तेही यांनाच. तेरा वर्षं! २०१०मध्ये गाण्यांची ध्वनिमुद्रिका आली. तिच्यात ऑर्फियससाठी जस्टिन व्हर्नन गायले आणि हेडीसची राणी पर्सेफोनी हिच्यासाठी अॅनी डिफ्रँको.

मग दिग्दर्शक रेचल चॅवकिन आल्या. २०१६ला न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप, २०१७ला कॅनडात एडमंटन, २०१८ला लंडनचं नॅशनल थिएटर, आणि १७ एप्रिल २०१९ला ब्रॉडवे. दर मुक्कामाला गाणी बदलली, कथेचे सांधे बदलले, नटही बदलले. २०१६च्या संचातले पॅट्रिक पेज आणि अँबर ग्रे (पर्सेफोनी) तेवढे शेवटपर्यंत टिकले. रीव्ह कार्नी एडमंटनला ऑर्फियस म्हणून आले. इव्हा नोब्लेझादा (युरिडिसी) आणि तुमचे डी शील्ड्स लंडनला आले. म्हणजे आपण ज्याला मूळ संच म्हणतो तोच मुळी हळूहळू जमत गेलेला आहे.

आता नेपथ्य. रेचल हॉक यांनी न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या गाण्याबजावण्याच्या ठिकाणांसारखा एक गुत्ता उभा केलाय. टेबलं, खुर्च्या, लोखंडी गोल जिना, वर सज्जा. पहिला अंक बराचसा तिथेच घडतो आणि ती जागा आपल्या ओळखीची होते. युरिडिसी पाताळात गेल्याचं कळल्यावर ऑर्फियस तिला आणायला निघतो. तेव्हा वरून कारखान्यात असतात तसे दिवे खाली येतात आणि कोरसमधले कामगार ते हातांनी झोके देऊन सोडतात. दिवे प्रेक्षकांच्या दिशेने झेपावतात, परत जातात, मधून ऑर्फियस गात चालतो, आणि मागची भिंत दुभंगते. दिवे कुणी फिरवले, किती जोरात, कुठल्या मात्रेला, हे सगळं बांधलेलं आहे. ब्रॅडली किंग यांचा प्रकाश, हॉक यांची भिंत, डेव्हिड न्यूमन यांनी बसवलेल्या हालचाली आणि मिचेल यांचं गाणं. यातलं एक काढलं तर तो प्रवास होणारच नाही. मला तिथे दर वेळी रडू येतं. ऑर्फियसचं काम कोण करतंय यावर ते अवलंबून नसतं.

मायकेल क्रास यांची वेशभूषाही पाहा. पर्सेफोनी वर पृथ्वीवर येते ती हिरव्या पोशाखात, पाताळात ती काळ्यात दिसते. तिच्या येण्याजाण्यानेच ऋतू बदलतात, त्यामुळे संवाद कानावर यायच्या आधीच ऋतू कळतो.

आणि काका, बदललेल्या नटांनीही नाटकात भर घातली आहे. २०२२मध्ये डी शील्ड्स यांच्या जागी लिलियस व्हाइट आल्या. हर्मीस चक्क स्त्री झाली आणि कथा कुठेही अडली नाही. २०१०च्या ध्वनिमुद्रिकेत पर्सेफोनी गायलेल्या अॅनी डिफ्रँको २०२४मध्ये त्याच भूमिकेत ब्रॉडवेवर उभ्या राहिल्या, चौदा वर्षांनी. मला हे फार मोठं वाटतं.

१४ नामांकनं आणि ८ टोनी मिळाली त्या नाटकाला. अभिनयाचं टोनी त्यांत फक्त एक, डी शील्ड्स यांचं. बाकी सात सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं, गीतसंगीताचं, दिग्दर्शनाचं, नेपथ्याचं, प्रकाशयोजनेचं, ध्वनीचं आणि वाद्यवृंद-रचनेचं. त्या मोसमात ब्रॉडवेवर आलेल्या नव्या म्युझिकल्समध्ये चॅवकिन या एकट्याच स्त्री दिग्दर्शक होत्या. पुरस्कार घेताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की स्त्रिया तयार नाहीत असं काही नाही, संधी देणाऱ्यांची कल्पनाशक्ती तोकडी पडते.

—

प्रेषक: सभासद, पार्सिपनी (आपल्या नाटकांचा साउंडवाला)

ताईंनी ध्वनीचं नुसतं नाव घेतलं, म्हणून पुढचं मी लिहितो. नेव्हिन स्टाइनबर्ग आणि जेसिका पाझ यांचं ते काम. म्युझिकलच्या ध्वनीसाठी टोनी मिळवणाऱ्या पाझ या पहिल्या स्त्री.

हे काम किती अवघड आहे ते मिक्सरवर बसलेल्यालाच कळेल. इथे वादक रंगमंचापुढच्या खड्ड्यात लपलेले नाहीत. पियानो, ट्रॉम्बोन, व्हायोलिन, चेलो रंगमंचावर, नटांच्या हाताच्या अंतरावर. उघडा ट्रॉम्बोन शेजारी वाजत असताना गाण्याचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेत पोचायला हवा, आणि तरी मैफलीत बसल्यासारखं वाटायला हवं. पेज यांच्या खर्जातल्या ओळी अशा वेळी सहज चिखल होऊ शकतात. ध्वनिमुद्रणात ऐका, एकही शब्द सांडत नाही.

संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला प्रेक्षकांना दिसायचे, नट साथीदाराकडे बघून जागा घ्यायचा. हल्ली आपण ट्रॅक लावतो, त्यात हे हरवतं. इथे ते जिवंत आहे. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला पर्सेफोनी गाता गाता एकेका वादकाचं नाव घेऊन ओळख करून देते, लोक प्रत्येकाला टाळ्या देतात. मध्यंतरातून वेळेवर परत या, नाहीतर हे चुकेल.

—

प्रेषक: सभासद, एडिसन

ताई, तुमचं पत्र आम्ही दोघांनी मोठ्याने वाचलं. नटाबद्दलचं माझं मत मी सोडत नाही. डी शील्ड्स यांची ती संथ चाल दुसऱ्या कुणाला जमायची नाही. पण ते झोक्याचे दिवे मला बघायचे आहेत. आमची दोघांची नावं घ्या.

आणि नाट्यविभागाला एक सूचना. गणेशोत्सवाच्या नाटकाच्या पत्रिकेत गेल्या खेपेला लेखक, दिग्दर्शक आणि कलाकार एवढीच नावं होती. ज्यांनी रात्र रात्र जागून सेट उभा केला, रंगवला, साड्या इस्त्री केल्या, त्यांची यंदा पूर्ण यादी छापा. आणि पडदा उघडायच्या आधी मोठ्याने वाचा. वाचायला मी येतो.

—

प्रेषक: नाट्यविभाग, कार्यकारिणी

काका, सूचना मान्य. वाचन तुमच्याकडे लागलं. सेट, दिवे, साउंड, रंगभूषा आणि कपडे सांभाळणाऱ्यांनी आपापल्या गटाची नावं मला पाठवा, शुद्धलेखन तपासून.

सहलीचं थोडं:

लहान मुलांबद्दल विचारणा झाली. चार वर्षांखालच्या मुलांना ब्रॉडवेवर सहसा आत घेत नाहीत. त्याहून मोठ्यांना गोष्ट कळेल, पण शेवट दुःखद आहे. ऑर्फियस मागे वळून बघतो आणि युरिडिसी त्याला कायमची दुरावते. ही गोष्ट मुलांना आधी घरी सांगून ठेवा. गाण्यांतूनच सगळी कथा पुढे सरकते, त्यामुळे मोठ्यांनीही ध्वनिमुद्रण एकदा ऐकून आलात तर शब्द निसटणार नाहीत.

एखाद्या भूमिकेत त्या दिवशी बदली कलाकार असेल तर कार्यक्रमपत्रिकेत चिठ्ठी घातलेली असते किंवा लॉबीत फलक लावतात. चिठ्ठी दिसली म्हणून कुणी तिकीट परत करायला धावू नका. अनेकदा एकाहून जास्त भूमिका तयार ठेवणारे हे कलाकार आयत्या वेळी उभे राहतात, त्यांचं काम आवर्जून बघा.

आतापर्यंत अकरा नावं आली आहेत. उत्तर पूर्ण यादीला न पाठवता फक्त नाट्यविभागाच्या पत्त्यावर पाठवा, आणि सोबत माणसं किती व ट्रेन की गाडी ते लिहा.