फिटनेस यंत्राकडे गेली, आता मोटार वाहन निरीक्षकाच्या नोकरीत काय उरलं? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

घाटमाथा

सहायक मोटार वाहन निरीक्षकाची कारकीर्द साधारण अशी जाते: ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा, लोकसेवा आयोगाची परीक्षा, परिवीक्षा, मग एखाद्या आरटीओत पासिंग (गाडीची फिटनेस, म्हणजे ती रस्त्यावर धावायला योग्य आहे का याची तपासणी), लायसनची चाचणी, तालुक्याचे कॅम्प, रस्त्यावर गाड्या तपासणारं वायुवेग पथक. पुढे मोटार वाहन निरीक्षक, सहायक प्रादेशिक परिवहन अधिकारी, उपप्रादेशिक, आणि सेवा शिल्लक असली तर प्रादेशिक परिवहन अधिकारी. गाडीखाली वाकून बघायचं काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच. वर गेलं की परवाने, करवसुली, लेखापरीक्षणाचे मुद्दे आणि विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं. यंत्राचं शिकलेला माणूस ऐन अनुभवाच्या वयात यंत्रापासून दूर जातो.

त्यात आता फिटनेस स्वयंचलित चाचणी केंद्रांकडे, म्हणजे एटीएसकडे चालली आहे. जड वाहनांसाठी आधी 1 एप्रिल 2023 ही तारीख होती, ती 1 ऑक्टोबर 2024 वर गेली. लायसनचे ट्रॅकही सेन्सरवर जात आहेत. मग निरीक्षकाने करायचं काय?

माझं मत: दोन गोष्टी व्हायला हव्यात. एक, वर्कशॉपचा अनुभव निवडीआधी असावा. केंद्राच्या 1989 च्या अधिसूचनेत डिप्लोम्यासोबत एक वर्षाचा अनुभव आणि जड वाहनाचं लायसन होतं. आपल्याकडे ते निवडीनंतर परिवीक्षेत मिळवायची सवलत दिली गेली, त्यावरून कोर्टबाजीही झाली. दोन, अपघातग्रस्त वाहनांच्या तांत्रिक तपासाची वेगळी शाखा असावी आणि तिच्यात वरपर्यंत बढती असावी. आज अपघाताची तपासणी म्हणजे पोलिसांचं पत्र आलं की दोन कामांच्या मधे उरकायची गोष्ट.

काटापावती

पूर्ण असहमत. चर्चा नोकरीच्या बाजूने सुरू केली की प्रवासी मागे पडतो. फिटनेस माणसाच्या हातून काढली त्याला कारण होतं. मुंबई उच्च न्यायालयाला ब्रेक तपासायला 250 मीटरचा ट्रॅक हवा म्हणून सांगावं लागलं आणि ट्रॅक नाही तिथलं पासिंग थांबवावं लागलं. ही साधी अट पाळायला कोर्ट लागलं. तोवर कार्यालयाच्या आवारात गाडी दहा पावलं पुढे-मागे करून फॉर्म 38, म्हणजे फिटनेस प्रमाणपत्र, मिळत होता.

रोलर ब्रेक टेस्टर काय करतो ते बघा. एकेका अ‍ॅक्सलची चाकं रोलरवर येतात. आधी वजन घेतलं जातं. रोलर कमी वेगाने चाक फिरवतो, चालक ब्रेक दाबतो आणि डाव्या-उजव्या चाकाची ओढ, म्हणजे ब्रेकचा जोर, वेगवेगळी नोंदली जाते. समजा अ‍ॅक्सलवर 6 टन, म्हणजे 58.9 किलोन्यूटन वजन आहे आणि दोन्हीकडे 15-15 किलोन्यूटन आले, तर 30 भागिले 58.9, म्हणजे 51 टक्के. उजवीकडे 9 च आले तर गाडी ब्रेक मारताच डावीकडे ओढणार, हे आकड्यातच दिसतं. ओढ खाली-वर होत राहिली तर चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नाही. हे डोळ्याने कुठला निरीक्षक सांगेल? शिवाय निकाल थेट प्रणालीत जातो आणि केंद्र चालवणाऱ्याला दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांचा धंदा करता येत नाही.

घाटमाथा

आकडे बरोबर आहेत, पण ते रिकाम्या गाडीचे असतात. तुमचंच उदाहरण पुढे नेतो. लायनर (ड्रमवर घासून गाडी थांबवणारं अस्तर) झिजलेत, मागचे ड्रम मिळून जास्तीत जास्त 36 किलोन्यूटन ओढतात. रिकाम्या ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर 4 टन धरा, म्हणजे 39.2 किलोन्यूटन. 36 ची ओढ लागायच्या आधीच चाक रोलरवर लॉक होऊन घसरतं. यंत्र 70 टक्क्यांच्या आसपास दाखवतं आणि गाडी पास. तीच गाडी भरून मागच्या अ‍ॅक्सलवर 11.5 टन आले की 36 भागिले 112.8, म्हणजे 32 टक्के. आणि हे थंड ड्रमवर. कसारा किंवा खंबाटकी उतरताना ड्रम तापून लायनरची पकड सुटते ते रोलरवर कधीच दिसत नाही.

हे ओळखायचं तर चाकाशी बसून ब्रेक चेंबरच्या पुशरॉडची (हवेच्या दाबाने बाहेर येऊन ब्रेक लावणाऱ्या दांड्याची) चाल मोजावी लागते. हवा पूर्ण भरलेली, इंजिन बंद, एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने रॉड किती बाहेर आला ते बघायचं. डाव्या-उजव्या चालीत फरक असेल तर ब्रेकची ढिलाई आवळणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर बिघडलाय किंवा कोणी हाताने चुकीचा आवळलाय. रॉड शेवटपर्यंत जात असेल तर उतारावर तापून ड्रम फुगल्यावर लायनर पोचणारच नाही. हे वर्कशॉपमध्ये वर्षभर राबलेल्या माणसाला सवयीने कळतं.

नटबोल्ट_विदर्भ

दोघांच्याही बोलण्यात अर्धी बाजू सुटते आहे. एटीएसमध्ये फक्त रोलर नाही, डोळ्याने करायची तपासणीही आहे: काचा, दिवे, रिफ्लेक्टर पट्ट्या, मागचा अंडररन गार्ड (मागून आलेली कार ट्रकखाली घुसू नये म्हणून लावलेला आडवा दांडा), टायर. तिथेही माणूसच लागतो, फक्त तो सरकारी नसतो.

आणि खरा घोटाळा तपासणीच्या दिवसाचा नसून उरलेल्या वर्षाचा आहे. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांची फिटनेस मिळते, त्यानंतर दरवर्षी. पासिंगपुरते टायर भाड्याने मिळतात. नियमाने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटर हवी, दुचाकी-तीनचाकीला 0.8. पासिंगला चांगले टायर चढतात, संध्याकाळी उतरतात. वेग बांधून ठेवणाऱ्या स्पीड गव्हर्नरचंही तेच, वायर काढली की गाडी मोकळी. रोलरवर उभी राहिलेली गाडी आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर धावणारी गाडी एक नसते. टायरवरचे नंबर टिपून फॉर्मवर टाकले आणि रस्त्यावर ताडून बघितले तर हा धंदा बसेल. त्यात कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

अनुभवाच्या अटीला मात्र विरोध. वर्षाचा अनुभव म्हणजे गॅरेजच्या लेटरहेडवरचा दाखला, आणि तो कसा मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा निवडीच्या शेवटी प्रात्यक्षिक घ्या. एक चाक उतरवायचं, ड्रम काढायचा, लायनरची जाडी मोजायची, परत बसवून अ‍ॅडजस्ट करायचं. दुसरं, पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवून किंगपिनचा (पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खिळ्याचा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, सांगायचा, मग आडवं हलवून टायरॉड एंडचा (स्टिअरिंगच्या सांध्याचा). ब्रेक दाबून परत हलवायचं, प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा होता. तिसरं, चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट घेऊन अंक पुन्हा ठोकलेत का ते ओळखायचं. मूळ अंकांची खोली आणि ओळ सारखी असते. घासून ठोकलेल्या जागी पत्रा पातळ आणि प्रिंट डागाळलेला येतो. दाखल्यावर हे येत नाही.

सातमैल

घाटमाथा यांच्या दुसऱ्या मुद्द्याला, अपघात तपासाच्या शाखेला, माझा पूर्ण पाठिंबा. 1 जुलै 2023 ला सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून 25 माणसं गेली. चालक म्हणाला टायर फुटला. परिवहन खात्याच्या प्राथमिक अहवालाला रस्त्यावर टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. तज्ज्ञ बघणारा नसता तर चालकाचं वाक्यच कारण म्हणून कायम झालं असतं आणि पुढचे सगळे उपाय टायरवर झाले असते.

टायर आधी फुटला की आदळल्यावर, हे कळतं. आधी फुटला तर रबराचे तुकडे धडकेच्या जागेच्या बरेच मागे पडलेले असतात आणि रिमने डांबर खरवडलेलं तिथूनच सुरू होतं. हवा कमी असताना दामटलेल्या टायरच्या आत बाजूच्या भिंतीला गोल फिरलेला भाजल्यासारखा पट्टा असतो, रबराची पूड सुटलेली असते. धडकेत कापलेला टायर एकाच जागी फाटतो आणि रिमची कड नेमकी तिथेच दुमडलेली सापडते.

दिव्यांचंही तसंच. रात्री उभ्या ट्रकवर मागून कार आदळली की पहिला वाद टेललॅम्प चालू होता का यावर. बल्ब चालू असताना दणका बसला तर तापलेली तार ताणली जाऊन वेडीवाकडी होते, काच फुटली तर तिच्यावर पांढरट-पिवळी पूड धरते. बंद बल्बची तार सरळ राहते किंवा चटकन तुटते, चकचकीतच असते. दिवा चालू होता की नाही यावर विम्याचा सगळा दावा फिरू शकतो, आणि बल्ब काढून पिशवीत न ठेवल्यामुळे पुरावा क्रेनने गाडी ओढतानाच संपतो. एलईडीत ही तारच नाही, त्यामुळे नव्या गाड्यांसाठी वेगळं प्रशिक्षण लागेल.

घसरणीच्या खुणा मोजल्या तर वेगही काढता येतो: 254 गुणिले घर्षणांक गुणिले मीटरमधली लांबी, त्याचं वर्गमूळ. कोरड्या डांबरावर 0.7 धरला आणि खूण 25 मीटर असेल तर ताशी 67 किलोमीटरच्या जवळपास. हा किमान वेग, कारण धडकेत गेलेला वेग यात येत नाही. पावसात 0.7 धरणं चूक. जागेवर टेप न लावता दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी बघून लिहिलेल्या अहवालात यातलं काहीच येत नाही. म्हणून बहुतेक अहवालांचा शेवट ‘यांत्रिक दोष आढळला नाही’ असा एका ओळीत होतो.

काटापावती

सातमैल, माहिती उत्तम, पण माणसं मेल्यावरचा हा सगळा शोध आहे. मनुष्यबळ मोजकं आहे. ते मेल्यानंतरच्या तपासाला द्यायचं की मरण टाळायला? माझं म्हणणं, निरीक्षकाला ट्रॅकवरून काढलंय तर वजनकाट्यावर उभा करा.

तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकचं एकूण वजन 2018 मध्ये 25 टनांवरून 28.5 झालं, तरीही भरणारे भरतात. 33.5 टन सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 आणि वरच्या 5 टनांचे 10,000, एकूण 30,000. दंडापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही. नेमकं तेच होत नाही. पावती फाडली की तोच ट्रक तेवढाच माल घेऊन घाट उतरतो. कारण रस्त्यालगत उतरवायला जागा नाही, हमाल नाही, आणि वाळू-खडी उतरवली तर ती सांभाळायची कोणी? कलम 114 प्रमाणे काटा पुढच्या वाटेवर 10 किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून 20 किलोमीटरच्या आत असेल तरच चालकाला वजनाला न्यायचा हुकूम देता येतो. वाहतूकदार हे जाणून फाटे निवडतात. पथकाला सोबत नेता येणारे चाकाखाली ठेवायचे वजनपट्टे द्या, प्रत्येक घाटाच्या माथ्यावर माल उतरवायची कुंपण घातलेली जागा द्या. तुमच्या पुशरॉडचा प्रश्नही इथेच सुटतो. भरलेली गाडी समोर उभी असते, मोजा रॉड.

घाटमाथा

पुशरॉड भरल्या गाडीवर, घाटाच्या माथ्यावर मोजावा, हे मला पटलं. ते पथकाच्या कामात यायलाच हवं. नटबोल्ट यांचं प्रात्यक्षिकही दाखल्यापेक्षा बरं.

पण तपास म्हणजे मेल्यानंतरचं काम, हे मान्य नाही. कुठल्या घाटात कुठल्या बनावटीचे स्लॅक अ‍ॅडजस्टर सारखे निसटतात, कुठल्या बसबांधणीत संकटकालीन दार बर्थमुळे अडतं, हे पथकाला सांगणार कोण? ऑक्टोबर 2022 मध्ये नाशिकला बस पेटून 12 माणसं गेली, नऊ महिन्यांत सिंदखेड राजा झालं. दोन्ही स्लीपर. जळालेल्या सांगाड्यात कोणतं दार उघडलं होतं आणि कोणतं नाही, याची मोजमापं बसबांधणी करणाऱ्यांपर्यंत जायला हवीत. ती लिहिणारा माणूस दर तीन वर्षांनी बदलीवर लायसन विभागात जात असेल तर जाणार नाहीत.

नटबोल्ट_विदर्भ

शाखा झाली तरी एक अडचण आधी सोडवा. कलम 136 प्रमाणे तपासणीसाठी नेलेली गाडी 24 तासांत मालकाला परत द्यायची असते. त्या वेळात क्रेन, प्रकाश असलेली जागा, चारही ड्रम काढायला दोन मेकॅनिक, आणि कापलेला टायर-बल्ब सीलबंद ठेवायला पोलिसांचा मुद्देमाल विभाग, हे सगळं जुळवायचं. आज जिल्ह्याच्या आरटीओकडे छताखालचा पिट, म्हणजे गाडीखाली उतरून बघायचा खड्डाही नसतो. ड्रम रस्त्याकडेला टॉर्चच्या उजेडात काढावे लागतात, म्हणून ते काढलेच जात नाहीत. फिटनेस बंद झाल्यावर रिकामे पडणारे 250 मीटरचे ट्रॅक या कामाला द्या. जागा, कुंपण, कार्यालय सगळं तयार आहे. छप्पर, पिट आणि 10 टनांचे जॅक एवढंच वाढवायचं.

काटापावती

ट्रॅक द्यायला हरकत नाही. पण रिकाम्या ट्रॅकवर आधी वजनकाटा बसवा आणि माल उतरवायची जागा करा. उरलेल्यात तुमचा पिट खणा.